नव्या गाडीला ट्रेलरचं वायरिंग: करंट बॅटरीतून, निरोप गाडीकडून

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी दोन वर्षांची, टो-बार (ट्रेलर अडकवायचा मागचा दांडा) बसवून झालाय. आधीच्या गाडीला मागच्या दिव्यांच्या वायरी सोलून तिथूनच ट्रेलरच्या सॉकेटला जोड दिला होता आणि ते बारा वर्षं बिनतक्रार चाललं. आता वायरिंगवाला म्हणतो की मॉड्यूल, म्हणजे ट्रेलरच्या दिव्यांसाठी वेगळा इलेक्ट्रॉनिक डबा लागेल, बॅटरीपासून वेगळी वायर ओढावी लागेल आणि वर कोडिंगही, म्हणजे गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंदही करावी लागेल. दिवे तर तेवढेच आहेत, मग एवढा खटाटोप कशासाठी?

तुमचा वायरिंगवाला बरोबर सांगतोय, आणि एवढं सगळं सांगतोय म्हणजे त्याला काम येतं. मी हेच काम रोज करतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे नव्याने बसवायला येणाऱ्या गाड्यांइतक्याच, दुसऱ्याने जुन्या पद्धतीने बसवलेलं काढून दुरुस्त करायला येणाऱ्या गाड्या असतात. म्हणून जरा तपशिलात लिहितो.

जुन्या गाडीत ब्रेकच्या पेडलपाशी स्विच असायचा आणि त्यातून निघालेली वायर सरळ मागच्या बल्बपर्यंत जायची. मध्ये एक फ्यूज, बस. त्या वायरीवर ट्रेलरचे आणखी दोन बल्ब टाकले तर फ्यूजवर थोडा जास्त लोड यायचा, एवढंच. आताच्या गाडीत पेडलचा स्विच दिव्याला करंट देतच नाही. तो बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या बीसीएम या युनिटला, पेडल दाबल्याचं नुसतं कळवतो. बल्बला करंट बीसीएम स्वतःच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून देतं, आणि देताना किती करंट गेला ते मोजतं. २१ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर पावणेदोन ॲम्पियर लागतात. त्याहून फार कमी गेला तर बल्ब गेला असं समजून डॅशबोर्डवर सूचना येते. फार जास्त गेला तर कुठेतरी शॉर्ट आहे असं समजून तो स्विच बंद केला जातो. तुम्ही त्याच वायरीवर ट्रेलरचा २१ वॅटचा बल्ब जोडलात की करंट दुप्पट झाला. काही गाड्या ते निमूट सहन करतात, काही लगेच तक्रार करतात. सर्वांत वाईट त्या, ज्या काही महिने सहन करतात आणि मग ते आउटपुट कायमचं जातं. बल्ब शंभर वेळा बदलता येतो. बीसीएममधलं आउटपुट गेलं तर बहुतेक वेळा आख्खं युनिट बदलून पुन्हा त्या गाडीशी जुळवून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट मीटर लावल्याशिवाय लक्षात येत नाही. एका गाडीत पार्किंग लाईट चालू असताना मी मागच्या दिव्याच्या वायरीवर मीटर धरला तर ४ व्होल्टच्या आसपास दिसले. शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, वायर कुठेतरी सडली असणार. वायर ठणठणीत होती. त्या गाडीत पार्किंग आणि ब्रेक या दोन्ही कामांना एकच फिलामेंट होतं. पार्किंगसाठी बीसीएम पूर्ण १२ व्होल्ट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत होतं, म्हणजे बल्ब मंद दिसतो. ब्रेक दाबला की तेच व्होल्ट सलग. मीटर त्याची सरासरी दाखवत होता. आता या वायरीतून ट्रेलरची पार्किंगची वायर घ्यायची की ब्रेकची? कुठलीही घेतली तरी चूकच. साधा रिले, म्हणजे करंटने चालू-बंद होणारा स्विच, लावला तर तो त्या ठोक्यांवर थरथरतो आणि काही दिवसांत त्याचे पॉईंट जळतात. आणि मागचे दिवे एलईडी असतील तर तिथे टॅप करायला धड १२ व्होल्टची वायरही नसते. दिव्यातच सर्किट असतं आणि त्याला हुकूम डेटाच्या वायरीवरून येतो.

आता मुख्य मुद्दा. ट्रेलरला दोन गोष्टी लागतात: ताकद आणि माहिती. ताकद, म्हणजे दिव्यांचा करंट, थेट बॅटरीतून स्वतःच्या फ्यूजसकट घ्यायची. माहिती, म्हणजे आत्ता डावा इंडिकेटर चालू आहे, आत्ता ब्रेक दाबलाय, ही गाडीकडून घ्यायची. या दोन्ही गोष्टी एकाच वायरीतून ओढायला गेलं की सगळे घोटाळे सुरू होतात.

माहिती घ्यायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे बायपास रिले. नावात रिले असलं तरी आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते गाडीच्या दिव्यांच्या वायरीतून फक्त काही मिलीॲम्पियर घेतं, तेवढ्यावर कुठला दिवा लागलाय ते ओळखतं आणि ट्रेलरच्या बल्बना बॅटरीतून करंट देतं. बीसीएमला वरचा लोड जाणवत नाही. साध्या बल्बच्या, फार न गुंतलेल्या गाडीत आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा हलका ट्रेलर ओढायचा असेल तर हा मार्ग मी नाकारत नाही. पण याने दिवे लागतात, गाडीला मात्र मागे ट्रेलर आहे हे कळत नाही.

ते का कळायला हवं? रिव्हर्स घेताना पार्किंग सेन्सर सारखा कोकलत राहणं हा त्यातला सर्वांत किरकोळ त्रास. ज्या गाड्यांना मागे अडथळा दिसला की आपोआप ब्रेक लावायची सोय आहे, त्या ट्रेलरलाच अडथळा समजून उतारावर मागे घेताना जागच्या जागी करकचून थांबतात. ब्लाइंड स्पॉटचा दिवा कायम पेटलेला राहतो. मागचा फॉग लाईट गाडीचा आणि ट्रेलरचा असे दोन्ही लागले तर गाडीचा लाल उजेड ट्रेलरच्या पुढच्या पत्र्यावर आपटून आरशात येतो. म्हणून ट्रेलर जोडलेला असताना गाडीचा बंद आणि ट्रेलरचा चालू असं व्हायला हवं. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल. बऱ्याच नव्या गाड्यांत ट्रेलर डुलायला लागला तर गाडी ते सेन्सरवरून ओळखते, इंजिनची ओढ कमी करते आणि डाव्या-उजव्या चाकांना आलटून पालटून ब्रेक देत ते डुलणं मोडते. हे सगळं बहुतेक गाड्यांत तेव्हाच जागं होतं, जेव्हा ट्रेलर मॉड्यूल गाडीतल्या युनिटांच्या नेटवर्कवर 'मी जोडलेलो आहे' असं सांगतं. जड ट्रेलर वेगात डुलायला लागतो तेव्हा चालवणाऱ्याच्या हातात सेकंद-दोन सेकंदच असतात. त्या क्षणी गाडीची मदत मिळणार की नाही, हे डिकीच्या अस्तरामागे बसवलेल्या त्या छोट्या डब्यावर ठरतं. म्हणून जड ट्रेलर किंवा कॅरव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) असेल तर मी दुसराच मार्ग सांगतो: त्या मॉडेलसाठी बनवलेलं मॉड्यूल, जे कॅन बसवर बसतं.

कॅन बस म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरी. निवांत असताना दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट, निरोप जाताना एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. ऐकणारं युनिट या दोन्हींतला फरक वाचतं, म्हणून बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच आला तरी निरोप बिघडत नाही. त्या पिळाला अर्थ आहे. जोड देताना पीळ हातभर उलगडून ठेवू नका, लागेल तेवढाच सोडा. या वायरींवर जुन्या पद्धतीचा बल्बवाला टेस्ट लॅम्प कधीही लावू नका, तो इतका करंट खातो की आख्खं नेटवर्क बसतं. तपासायचं असेल तर बॅटरी काढून दोन्ही वायरींमध्ये ओहम मोजा. हाय-स्पीड कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन वायरी चिकटल्यात.

मॉड्यूल विकत घेण्याआधी एक काम करा. डिकीच्या बाजूचं ट्रिम सोडवून आत हात घाला. काही गाड्यांत कारखान्यातूनच ट्रेलरच्या मॉड्यूलसाठी कनेक्टर आलेला असतो, वायरींच्या जुडग्याला टेपने बांधून ठेवलेला. तो सापडला तर निम्मं काम वाचतं आणि एकही मूळ वायर सोलावी लागत नाही.

सोलण्यावरून आठवलं. ते निळे किंवा लाल प्लास्टिकचे चिमटे, ज्यात दोन वायरी घालून पक्कडीने दाबलं की पातं इन्सुलेशन कापून तांब्याला टेकतं, ते गाडीच्या मागच्या भागात वापरू नका. पातं वायरीच्या काही तारा कापतं आणि उघड्या तांब्याला ओल लागते. वर्षा-दोन वर्षांनी चिमटा उघडला की आत हिरवी पूड निघते. मी क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत वायरी दाबून जोडून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवतो. गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक मणी बाहेर आला की समजायचं, पाणी जाणार नाही. नुसतं सोल्डर करून टेप गुंडाळणं मला पटत नाही. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि गाडीच्या कंपनाने नेमकी तिथेच तुटते.

वायर किती जाड घ्यायची याचा हिशोब करूनच ठरवा. साध्या बल्बच्या ट्रेलरवर ब्रेक, पार्किंग, फॉग आणि दोन्ही इंडिकेटर एकदम लागले तर साधारण १२ ॲम्पियर होतात. बॅटरी पुढे आणि सॉकेट मागे असेल तर वायर फिरवून नेताना ६ मीटर सहज लागते. १ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर एवढ्या करंटला सव्वा व्होल्ट वाटेतच जातो, अडीचची टाकली तर अर्धा. सव्वा व्होल्ट म्हणजे दहा टक्के, वाटतो किरकोळ. पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड दहा टक्के व्होल्ट कमी झाले की जवळजवळ तीस टक्के उतरतो. मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक लाईट हवा त्यापेक्षा मंद दिसतो. म्हणून बॅटरीची वायर आणि अर्थ, म्हणजे करंटच्या परतीची वायर, अडीचची, प्रत्येक दिव्याची दीडची. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ, कारण फ्यूजच्या आधीचा वायरीचा तुकडा पत्र्याला घासला तर त्याला वाचवणारं कोणीच नसतं.

अर्थबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण ट्रेलरच्या दिव्यांच्या दहा तक्रारींतल्या सात-आठ इथे संपतात. ट्रेलर लावून आलेला माणूस सांगतो की डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरच्या मागचे लाल दिवेच लुकलुकतात. त्याला वाटतं मॉड्यूल गेलं. प्रत्यक्षात सॉकेटच्या ३ नंबरच्या पिनवरची पांढरी वायर तुटलेली किंवा सडलेली असते. इंडिकेटरच्या बल्बमधून गेलेल्या करंटला परतीचा रस्ता नसतो, म्हणून तो त्याच अर्थवर असलेल्या पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि मिळेल त्या वाटेने गाडीच्या अर्थपर्यंत पोचतो. कधी ही वाट हुकच्या गोळ्यातून असते, म्हणून वळणावर दिवे नीट लागतात आणि सरळ रस्त्यावर पुन्हा नाचतात. टो-बारचा गोळा ही अर्थची जोडणी नाही. त्यावर ग्रीस असतं, गंज असतो आणि तो सतत हलत असतो.

गाडीकडची अर्थ बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर थेट बांधू नका. नव्या गाड्यांत त्या टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वगळून गेलेला करंट गाडीच्या हिशोबात येत नाही आणि बॅटरी किती भरली आहे याचा तिचा अंदाज चुकत जातो. डिकीत गाडीचा स्वतःचा अर्थचा बोल्ट शोधा. तिथला रंग लग (वायरीच्या टोकाचा धातूचा छल्ला) बसेल एवढाच खरवडून चकचकीत पत्रा काढा, लग आवळा आणि वरून गंज धरू नये म्हणून लेप द्या.

सॉकेटच्या पिनांचा क्रम पाठ करायची गरज नाही, पण काम करताना कागद समोर ठेवा. सात पिनांच्या सॉकेटमध्ये १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवी पार्किंग, ६ ब्रेक, ७ डावी पार्किंग. रंग अनुक्रमे पिवळा, निळा, पांढरा, हिरवा, तपकिरी, लाल, काळा. तेरा पिनांत पहिल्या सात त्याच आहेत. ८ रिव्हर्स, ९ कायमचे १२ व्होल्ट, १० इंजिन चालू असताना मिळणारे १२ व्होल्ट, ११ ही दहाची अर्थ आणि १३ ही नऊची. ३, ११ आणि १३ या तीन अर्थ मागे ट्रेलरमध्ये एकत्र बांधायच्या नाहीत. बांधल्या तर ट्रेलरमधल्या फ्रिजचा सगळा करंट दिव्यांच्या अर्थमधूनही परत यायला लागतो आणि मग दिवे मंद झाले म्हणून शोधाशोध सुरू होते. जुन्या ट्रेलरवरच्या वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक पिन मीटरने तपासा. उत्तर अमेरिकेतल्या चार वायरींच्या पद्धतीत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरीवर असतात, तिथे हा क्रम लागू नाही. निवड तुमच्या हातात असेल तर तेराचंच सॉकेट घ्या. प्लग फिरवून लॉक होतो, पाणी कमी शिरतं, आणि सातच्या ट्रेलरसाठी अडॅप्टर मिळतो. अडॅप्टर मात्र काम झालं की काढून ठेवा. काही मॉड्यूल प्लग घातल्याचं सॉकेटमधल्या छोट्या स्विचवरून ओळखतात, आणि रिकामा अडॅप्टरही त्यांना ट्रेलर वाटतो.

ट्रेलरवर बॅटरी किंवा फ्रिज असेल तर आणखी एक अडचण आहे. पूर्वीचा अल्टरनेटर इंजिन चालू असताना कायम १४ व्होल्टच्या आसपास द्यायचा. मग व्होल्ट चढले की जोडणारा साधा रिले पुरायचा. नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर बराच वेळ जवळजवळ विसावलेला असतो आणि ब्रेक दाबून वेग उतरताना जोरात चार्ज करतो. व्होल्ट १२ ते १५ यांच्या मध्ये हिंदकळत राहतात, रिले सारखा तुटत-जुळत राहतो आणि ट्रेलरची बॅटरी कधीच भरत नाही. तिथे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे येणारे व्होल्ट हिंदकळले तरी बॅटरी नीट भरणारा चार्जर, लावा आणि त्याला चालू-बंद होण्याचा हुकूम इग्निशनच्या सिग्नलवरून द्या.

ट्रेलरचे दिवे एलईडी असतील तर मॉड्यूल एलईडी चालणारं आहे ना, हे आधी विचारून घ्या. मॉड्यूल बल्ब शाबूत आहे का ते बघायला बंद दिव्यालाही अगदी छोटे ठोके देत असतं. फिलामेंटला ते जाणवत नाहीत, एलईडी मात्र त्यावर मिणमिणते. शिवाय एलईडी इतका कमी करंट घेते की मॉड्यूलला ट्रेलर जोडलाच नाही असं वाटू शकतं.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी स्कॅनर लावून गाडीत आधीपासून असलेले फॉल्ट कोड लिहून ठेवा, नाहीतर नंतर जुन्या दुखण्याचा दोष तुमच्या कामावर येतो. इग्निशन बंद करून गाडीला झोपू द्या, म्हणजे आतली युनिटं शांत होऊ द्या, वीस मिनिटं तरी, आणि मगच बॅटरी काढा. वायर दाराच्या उंबऱ्याखालून नेताना पिवळ्या स्लीव्हचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना सोडू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, तिच्याजवळून वायर नेऊ नका. वायर गाडीबाहेर पडते त्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेचं संरक्षक कडं) हवाच. बाहेर पडल्यावर वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न येता झोळातून खाली टपकेल. सायलेन्सरपासून लांब ठेवा. सॉकेटच्या पत्र्यामागचं रबर गळून पडलं असेल तर शोधून बसवा, तीच पाण्याची पहिली वाट असते.

कोडिंग म्हणजे गाडीच्या मुख्य युनिटला 'आता तुझ्याकडे ट्रेलर मॉड्यूल आहे' असं कळवणं. ते केलं नाही तरी बऱ्याच गाड्यांत ट्रेलरचे दिवे लागतात, आणि काही जण तिथेच काम संपवतात. पण वर सांगितलेली स्टॅबिलिटीची मदत, सेन्सर आपोआप बंद होणं, मागच्या फॉगची अदलाबदल, हे कोडिंगशिवाय मिळेलच असं नाही. तुमच्या मॉडेलला ते साध्या स्कॅनरने होतं की उत्पादकाच्या सर्व्हरला जोडूनच होतं, हे काम देण्याआधी विचारा. नंतर कधी सर्व्हिसमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं तर ट्रेलर लावून सगळं पुन्हा तपासा, कधी कधी कोडिंग पुसलं जातं.

शेवटची तपासणी नुसत्या मीटरवर करू नका. नऊ तारा तुटून एकच उरलेली वायरही मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. माझ्याकडे लाकडी फळीवर खरे बल्ब लावलेला एक बोर्ड आहे. तो सॉकेटला लावून सगळे दिवे एकदम पेटवतो आणि मग मीटरचं एक टोक बोर्डच्या अर्थवर, दुसरं गाडीच्या पत्र्यावर ठेवतो. तिथे ०.३ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थचा बोल्ट पुन्हा खोलतो. त्यानंतर बोर्ड काढून गाडी लॉक करायची, वीस मिनिटं थांबायचं आणि बॅटरीतून किती करंट वाहतोय ते बघायचं. ५० मिलीॲम्पियरच्या खाली असेल तर ठीक. जास्त असेल तर नवं मॉड्यूल झोपत नाहीये, आणि ती गाडी मी त्या दिवशी मालकाला देत नाही.